केझाया स्वीनीचा चेहरा

विमानतळावरून टॅक्सीत गिऱ्हाईक घेतलं की मी आधी विचारायचो, "कुणाकडे जायचं?" त्या दिवशी मागच्या सीटवर बसलेला म्हातारा गोरा म्हणाला, "स्वीनींकडे."

"कुठल्या स्वीनींकडे? आमच्या घळीत डोळे मिटून दगड भिरकावला तरी एखाद्या स्वीनीला लागतो."

"कुणीही चालेल. मीसुद्धा स्वीनीच आहे."

मी आरशातून नीट बघितलं. उन्हानं लालबुंद झालेलं नाक, पांढऱ्या दाट भुवया, मांडीवर आडवी धरलेली पुठ्ठ्याची लांबलचक नळी. मला हसू आवरेना. आमच्या कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावर स्वीनी म्हणजे माझ्या सासूसारखी माणसं. उंच, काळीभोर आणि कुणाच्या बापाला न भिणारी. गोरा स्वीनी मी जन्मात पाहिला नव्हता.

"हसा, हसा," तो म्हणाला. "तुमच्याकडचा एखादा स्वीनी आमच्या गावात उतरला ना, तर तिथले लोकही असेच हसतील."

माणूस बरा निघाला. नाव फेलिम. आयर्लंडच्या उत्तर टोकाला, डोनेगलमध्ये, जन्मभर शाळामास्तर होता, आता निवृत्त. काही वर्षांनी एकदा जगभरातले स्वीनी त्याच्या गावात जमतात म्हणे, आणि त्या मेळाव्यासाठी तो एक काम घेऊन आला होता. काय काम ते तो सांगेना. म्हणाला, "सगळे असतील तिथेच उघडतो." म्हणून मी त्याला थेट जो-जोच्या रमच्या दुकानावर नेलं. आमच्याकडे सगळे असतात ते तिथेच.

मी स्वतः मीड. आडनाव आयर्लंडचंच, पण स्वीनींच्या घळीत, म्हणजे डोंगरातल्या आमच्या वस्तीत, मीडला विचारतो कोण? मी तिथला जावई. व्हर्लिनशी लग्न केलं आणि सासूच्या अंगणातच घर बांधलं, ही माझी बुद्धी. सासूचं नाव थिओडोरा, पण सगळं बेट तिला मिस टेडी म्हणायचं. राग कायम नाकावर. तिच्यासमोर तोंड उघडायची हिंमत एकट्या जो-जोची. जोसेफस स्वीनी, तिचा चुलतभाऊ, तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, दुकानाचा मालक. दोघांचं एका गोष्टीवर कधी एकमत झाल्याचं घळीला माहीत नव्हतं.

हे शहाऐंशी सालच्या मार्चातलं. सेंट पॅट्रिकचा सण तोंडावर आला होता. पाहुण्यांना वाटतं आम्ही संतासाठी ढोल बडवतो. आम्ही बडवतो ते आमच्या माणसांसाठी. दोनशे वर्षांपूर्वी याच दिवशी मळेवाले पिऊन पडले असतील असा हिशेब करून आमच्या गुलाम पूर्वजांनी उठाव ठरवला होता. तो फुटला आणि माणसं फासावर गेली. तर त्या दुपारी जो-जोच्या अंगणात नीरफणसाच्या झाडाखाली ढोलांची कातडी ताणणं चाललं होतं, आणि मधोमध फेलिमनं नळी उघडून जाड कापडाचा एक पट्टा सोडला. तो उलगडता उलगडता झाडापासून पार कुंपणापर्यंत गेला.

कापडावर चौकटी होत्या आणि चौकटीचौकटीत चेहरे.

"जगभरातले थोर स्वीनी," फेलिम म्हणाला. पहिल्या चौकटीत दोन्ही हातांत कुऱ्हाड धरलेला दाढीवाला योद्धा. मग एक बिशप. मग स्पेनच्या राजाच्या नोकरीत गेलेला एक सेनापती, ऑस्ट्रेलियात शाळा काढणारी एक नन, अमेरिकेतला एक न्यायाधीश, नाक मोडलेला एक मुष्टियोद्धा, कॉलऱ्याच्या साथीत मेलेली एक डॉक्टरीण.

सगळे गुडघ्यांवर बसून बघायला लागले.

"या बिशपचं पोट अडलंय वाटतं," जो-जो म्हणाला.

"आणि हा सेनापती? याला टोपी कुणी दिली? पोपट मारून बसवलाय डोक्यावर," दुसरा कुणीतरी म्हणाला.

"ही नन मात्र आपल्यातली हं," मिस टेडी म्हणाली. "बघा कशी बघतेय. पोरांनी हिच्या वर्गात श्वाससुद्धा विचारून घेतला असेल."

फेलिमला आनंद झाला. तो सांगू लागला, "आमच्या जुन्या भाषेत या नावाचा अर्थ होतो सुस्वभावी."

जो-जोनं गुडघ्यावर थाप मारली. "सुस्वभावी? मग टेडीला आजच कुळातून काढा!"

"आणि तुला ठेवा, होय रे?" मिस टेडी म्हणाली. "पाणी घातलेली रम विकणाऱ्याला?"

हशा ओसरला तेव्हा फेलिमनं शेवटच्या ओळीतली एक कोरी चौकट दाखवली. खाली मॉन्टसेराट असं लिहिलेलं. "इथलं कुणीतरी हवंय," तो म्हणाला आणि खिशातून एका जुन्या चित्राची प्रत काढली. केसांचा टोप, झालरीचा सदरा, दुहेरी हनुवटी. "कर्नल एडमंड स्वीनी. या घळीतला सगळा मळा त्याचा होता. गव्हर्नरच्या मंडळात बसायचा. आमच्या समितीनं हाच जवळजवळ नक्की केलाय. मला फक्त त्याची कबर बघायची होती आणि तुमचा होकार हवा होता."

ढोल ठाकठीक करणाऱ्यांचे हात थांबले. मिस टेडीनं ते चित्र हातात घेतलं, दूर धरून बघितलं.

"हा आमचा कोण लागतो, ठाऊक आहे मास्तर?"

"पूर्वज?" फेलिम चाचरत म्हणाला.

"मालक. गुरांना डाग देतात ना, तसं यानं आम्हाला नाव दिलं. कुणाकुणाला रक्तही दिलं असेल, न विचारता. ते नाव आम्ही घासूनपुसून वापरतोय, ते आता आमचं झालंय. त्याचं राहिलेलं नाही." तिनं चित्र त्याच्या हातात परत ठेवलं. "कबर वर आहे, करवंदीसारख्या काट्यांत. बकऱ्या हागतात तिच्यावर. खुशाल बघून या."

फेलिमचं नाक लाल होतंच, आता कानही झाले. पण माणूस मास्तर होता, चूक कळली की पाटी पुसणारा. त्यानं चित्राची घडी केली. "मला हे सुचायला हवं होतं," तो म्हणाला. "मग तुम्ही सांगा. कुणाला घ्यायचं?"

एकच गिल्ला झाला. कुणी म्हणे, उठावात फासावर गेलेला ढोलवाला घ्या. कुणी म्हणे, अँटिग्वाच्या संघाचे तीन दांड्या एका षटकात उडवणारा आमचा गोलंदाज घ्या. एकानं तर स्वतःच्याच बापाचं नाव घेतलं. सगळे दमले तेव्हा मिस टेडी एवढंच म्हणाली, "केझाया."

मी जो-जोकडे बघितलं. आता हा काहीतरी खोडी काढणार. जो-जोनं डोक्यावरची हॅट काढली आणि मांडीवर ठेवली.

"लिहून घ्या मास्तर," तो म्हणाला. "या जन्मात टेडी एकदाच खरं बोललीय."

केझाया ही मिस टेडीची आत्या. अठ्ठावीस सालच्या तुफानात काय झालं ते घळीत सगळ्यांना पाठ होतं, तरी त्या दिवशी कुणी जागचं हललं नाही. टेडी तेव्हा दहा वर्षांची होती, जो-जो विशी ओलांडलेला.

"आत्या कसाव्याच्या कंदाच्या भाकऱ्या करून विकायची," मिस टेडी सांगू लागली. "नवरा क्यूबात ऊस तोडायला गेला तो तिकडचाच झाला. पोरबाळ नाही. बोलणं कमी. वारा दुपारनंतर फिरला. आधी केळी गेली, मग कोंबड्यांची खुराडी, मग आमच्या घराचं छप्पर. आम्ही येशूच्या देवळात पळालो. मग देवळाचंही गेलं."

"आणि घळीला पाणी आलं," जो-जो म्हणाला. "खाली जायची सोय नाही, वर उभं राहायची सोय नाही."

"मी सांगतेय ना?"

"मग सांग की. पाणी विसरत होतीस."

घळीत दगडी इमारत एकच होती. कर्नल स्वीनीनं बांधलेलं गुऱ्हाळघर. हातभर जाड भिंती. त्यात उसाचा रस आटवायचे दिवस केव्हाच संपले होते. अठ्ठावीस साली तिथे मळ्याचा कापूस भरलेला असायचा, आणि किल्ली मॅनेजरच्या कमरेला. हॉलिंग्ज त्याचं नाव. लोक भिजत, रांगत त्याच्या बंगल्यावर गेले. तो खिडकीतून ओरडला, कापूस विकलेला आहे, माझा नाही, मी दार उघडू शकत नाही. आणि खिडकी लावून घेतली.

"आत्यानं ते ऐकलं," मिस टेडी म्हणाली. "वाद घातला नाही, शिवी दिली नाही. वळली आणि जो-जोच्या बापाला म्हणाली, तुझी कुऱ्हाड दे."

"मी दिली," जो-जो म्हणाला. "बाबांचा हात मोडला होता. मी दिली तिच्या हातात. मी म्हटलं, मी मारतो. तर म्हणाली, तुला अजून लग्न करायचंय, तुरुंगात मी जाते."

"हे तुला ती म्हणाली?"

"मलाच म्हणाली. तू आईच्या झग्याआड रडत होतीस."

दार जाड होतं. वारा तिला ढकलत होता, म्हणून दोन माणसांनी तिची कंबर धरली आणि ती घाव घालत राहिली. कडी तुटली. आत पाय ठेवायला जागा नव्हती, छतापर्यंत गाठी. तेव्हा तिनं दुसरा गुन्हा केला. गाठी फोडून कापूस बाहेर फेकायला लावला. जो-जो सांगतो, तुफान तो कापूस उचलून नेत होतं आणि सगळा डोंगर क्षणभर पांढरा दिसत होता. म्हातारे, पोरं, दिवस भरलेली एक बाई, बकऱ्या, सगळी घळ आत शिरली. केझायानं दाराला उरलेल्या गाठी लावल्या आणि पाठ टेकून बसली.

"आणि मग दारावर थाप पडली," मिस टेडी म्हणाली. "बाहेर हॉलिंग्ज. बंगल्याचं छप्पर गेलं होतं. बायकोला खांद्यावर घेऊन आला होता. आतले पुरुष म्हणाले, राहू दे बाहेर, मरू दे. आत्या उठली, गाठी सरकवल्या, त्याला आत घेतलं आणि स्वतःशेजारी बसवलं. त्याच्या बायकोचे पाय तिनं आपल्या झग्याच्या घोळात गुंडाळले."

फेलिमनं विचारलं, "मग?"

"मग काय? सकाळ झाली. बेटावर ठिकठिकाणी माणसं मेली होती. आमच्या घळीत एक माणूस कमी झालं नाही, उलट एक वाढलं. आणि आठवडा उलटायच्या आत हॉलिंग्जनं आत्यावर फिर्याद केली. दार फोडलं, माल नासला."

खटल्याची गोष्ट जो-जो सांगायचा, कारण तो राजधानीत, प्लिमथला, चालत गेला होता. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, दार तू फोडलंस? केझाया म्हणाली, हो. कुणाच्या परवानगीनं? तेव्हा तिनं हॉलिंग्जकडे बोट दाखवलं. "साहेब, हे रात्रभर माझ्याजवळ बसले होते. ते कुठल्या दारानं आत आले, तेवढं त्यांना विचारा." कचेरीत कुणीतरी मोठ्यांदा हसलं. हॉलिंग्ज बुटांकडे बघत राहिला. मॅजिस्ट्रेट म्हणाला, तरीही कायदा हा कायदा. दंड भर, नाहीतर तुरुंगात जा. घळीनं दंड भरायची तयारी केली होती. केझाया म्हणाली, "ज्या घरांवर छप्पर नाही त्यांच्याकडून पैसे घेऊन मी सुटू? घरावर पत्रे घाला." आणि तुरुंगात गेली.

फेलिमनं कोऱ्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "मिस टेडी, मला पटलं. पण समितीतली माणसं मी ओळखतो. ती म्हणतील, हे बिशप, हे सेनापती, आणि ही कोण? तिनं कसली पदवी मिळवली? कुठल्या पुस्तकात आहे?"

मला वाटलं आता भडका उडणार. पण मिस टेडी उठली, झगा झटकला. "रविवारी देवळात या," ती म्हणाली आणि घरी गेली.

रविवारी मी फेलिमला घेऊन गेलो. प्रार्थना संपली, सूचना झाल्या, आणि फादर आशीर्वाद देणार तोच मिस टेडी गायकवृंदातून बाहेर आली आणि वेदीच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली. फादरनी हात खाली घेतला. टेडीला अडवण्यापेक्षा उशीर परवडला, हे त्यांना अनुभवानं कळलेलं होतं.

"त्या रात्री गुऱ्हाळघरात जे होते," ती म्हणाली, "त्यांनी हात वर करा."

तिचा स्वतःचा हात वर होता. जो-जोचा वर गेला. मागच्या बाकांवरचे आणखी काही सुरकुतलेले हात वर झाले.

"ज्यांची आई नाहीतर बाप आत होता, त्यांनी करा."

व्हर्लिनचा हात वर गेला. बाकांमागून बाकं हलली. पेटी वाजवणारीनं हात वर केला, मेणबत्त्या विझवणाऱ्यानं केला.

"आणि ज्यांचे आजी-आजोबा होते?"

देवळात हातांचं रान उभं राहिलं. माझ्या दोन्ही पोरांचे हात. आयांनी तान्ह्या लेकरांच्या मुठी धरून वर केलेल्या. मी मान वळवून बघितलं तर हात खाली असलेले आम्ही तिघेच होतो. फादर, फेलिम आणि मी.

"मास्तर," मिस टेडी म्हणाली, "ही तिची पदवी."

फेलिमनं चष्मा काढला आणि पुसत बसला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "समितीला काय सांगायचं ते मी बघतो. तुम्ही मला फक्त तिचा फोटो मिळवून द्या."

इथे घोडं अडलं. केझायाचा फोटो नव्हताच. अठ्ठावीस साली घळीत कॅमेरा कुणाकडे होता? ती छत्तीस साली गेली. चेहरा होता तो चार-पाच म्हाताऱ्यांच्या डोक्यात, आणि तोही प्रत्येकाचा वेगळा.

मग पेंटर केबीला बोलावलं. एग्बर्ट केबी दुकानांच्या पाट्या आणि होड्यांची नावं रंगवायचा. माणूस म्हणून त्यानं एकच रंगवला होता, देवळातला येशू, आणि तो हुबेहूब केबीच्या थोरल्या भावासारखा दिसायचा. जो-जोच्या अंगणात टेबल मांडलं. केबीनं त्यावर कोरी चौकट पसरली, बाकीच्या कापडाची गुंडाळी मी धरून बसलो. भोवती म्हातारे खुर्च्या ओढून बसले आणि सगळे एकदम बोलायला लागले.

"कपाळ रुंद होतं."

"रुंद कसलं? डोक्याला फडकं मागे बांधायची म्हणून दिसायचं."

"नाक माझ्यासारखं."

"देव न करो!"

"एकेकानं बोला," केबी ओरडला, "नाहीतर मी हिला चार नाकं काढीन!"

शेवटी अशी युक्ती निघाली की जिवंत माणसांतून केझायाचे तुकडे गोळा करायचे. कपाळासाठी जो-जोच्या बहिणीला बसवलं. गालाच्या हाडांसाठी खालच्या आळीतल्या एका कोळ्याला बोलावलं. तो खारा मासा टाकून धावत आला आणि पायरीवर ऐटीत बसला. डोळे व्हर्लिनचे घेतले. माझी बायको इतका वेळ न बोलता बसलेली मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिली नाही. दुपार झाली, मिस टेडीनं बकऱ्याच्या रश्श्याचं पातेलं आणलं, सगळे जेवले, आणि चित्रातली बाई हळूहळू आमच्याकडे बघायला लागली. म्हाताऱ्यांचा आवाज खाली आला.

केबीनं विचारलं, "हातात काय देऊ? भाकरी?"

"कुऱ्हाड," जो-जो म्हणाला.

केबीनं कुऱ्हाड काढली. फेलिम उठला, माझ्या हातातली गुंडाळी सोडवत सोडवत पार पहिल्या चौकटीपर्यंत गेला. तिथे तो दाढीवाला योद्धा. त्याच्या कुऱ्हाडीकडे बघितलं, मग केझायाच्या.

"आमच्या घराण्यानं शेकडो वर्षं कुऱ्हाडी चालवल्या," तो म्हणाला. "पैसे देईल त्या राजासाठी चालवल्या, आणि माणसांवर चालवल्या. आम्ही ते मोठ्या तोऱ्यात सांगतो." जो-जोनं त्याच्यासमोर रमचा पेला ठेवला, आणि त्यात पाणी घातलं नव्हतं, हे मी सांगू शकतो.

राहिलं तोंड. तिथे मात्र जुंपली.

"ओठ मिटलेले," मिस टेडी म्हणाली.

"हसती काढ," जो-जो म्हणाला. "पुढच्या दोन दातांत फट होती. दिसू दे."

"आत्या हसायची नाही. पुढे मी तिच्याच घरात वाढले, मला विचार. सात-आठ वर्षं तिच्या हातचं खाल्लं मी. एकदा हसलेली पाहिली नाही."

"मी पाहिली."

"कधी?"

"तुरुंगातून सुटून आली तेव्हा," जो-जो म्हणाला. "तू तापानं पडली होतीस, टेडी. आम्ही सगळे रस्त्यापर्यंत सामोरे गेलो होतो, ढोल घेऊन. ती वळणावर आली, एवढी सगळी माणसं बघितली आणि तिला वाटलं पुन्हा काहीतरी आक्रीत झालं. धावतच आली. म्हणाली, कोण गेलं? आम्ही म्हटलं, कुणी नाही गेलं, तुला न्यायला आलोय. तेव्हा हसली. खदखदून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला तिच्या दातांतली फट त्या दिवशी पहिल्यांदा दिसली."

मिस टेडी चित्राकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती जो-जोला खोटारडा म्हणणार.

"मला तिनं कधी हसून दाखवलं नाही," ती म्हणाली. "तू पाहिलंस ना? मग तुझं खरं. केबी, दात दाखव तिचे."

केबीनं दात काढले, मधली फट ठेवली. मिस टेडी खुर्ची ओढून समोर बसली आणि रंग वाळेपर्यंत हलली नाही.

सणाच्या दिवशी तो पट्टा आम्ही ढोलांच्या पुढे धरून मिरवला. मग फेलिम तो घेऊन गेला. उन्हाळ्यात त्याचा फोन आला. समितीत भांडण झालं म्हणे, दोघांनी राजीनामे दिले. फेलिमनं सांगितलं, कर्नल हवा असेल तर माझं नाव यादीतून पुसा, मी या आडनावाचा राहणार नाही. शेवटी केझायाच राहिली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. एकोणनव्वदच्या तुफानानं अर्धी घळ नेली, ती आम्ही पुन्हा बांधली. पंच्याण्णवला आमचा ज्वालामुखीचा डोंगर जागा झाला. दोन वर्षांत देऊळ, जो-जोचं दुकान, गुऱ्हाळघर, माझं घर, सगळं राखेखाली गेलं. आता तिथे घळच नाही, सपाट करडं मैदान आहे. जो-जो ते बघायच्या आधी गेला. आम्ही इंग्लंडात, बर्मिंगहॅमला आलो, पाचव्या मजल्यावर. मिस टेडी ऐंशीला टेकली होती. खिडकीशी बसायची आणि दिवसभर कुणावर ओरडायची नाही, याचीच आम्हाला काळजी वाटायची.

मग अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात फेलिमनं आम्हाला मेळाव्याला बोलावलं. तो काठी टेकत धक्क्यावर उभा होता. डोनेगलचा वारा तोंडावर बसला तसं मिस टेडीनं आल्याआल्या त्याला फैलावर घेतलं. "हा उन्हाळा? मग हिवाळ्यात काय करता, मरता?" व्हर्लिननं माझा हात दाबला. कित्येक महिन्यांत आम्ही तो आवाज ऐकला नव्हता.

मेळावा गावच्या दगडी सभागृहात होता. दुनियेच्या चारी कोपऱ्यांतून आलेले स्वीनी, बहुतेक लाल नाकांचे. मिस टेडी आत शिरली तशी माणसं बाजूला सरली. ती कुणाकडे न बघता भिंतीलगत चालत गेली, कुऱ्हाडवाल्या योद्ध्यापासून, बिशप, सेनापती, नन, आणि शेवटच्या ओळीपाशी थांबली. नव्या चौकटी जोडल्या होत्या, केझाया आता मधोमध आली होती.

फेलिमनं तिला बोलायला सांगितलं. तिनं खुर्ची नाकारली. उभ्यानं सगळी गोष्ट सांगितली, वाऱ्यापासून मॅजिस्ट्रेटपर्यंत. पाण्याचा भाग आला तेव्हा क्षणभर थांबली, कुणी मध्ये बोलतंय का म्हणून बघितल्यासारखं. मग तोही सांगितला. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे उभे राहिले. न्यूझीलंडहून आलेला एक धिप्पाड पोलीस पुढे आला, तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घालून उभा राहिला. "सरळ उभा राहा रे," ती त्याला म्हणाली, "स्वीनी ना तू?"

गर्दी पांगल्यावर फेलिम एक कात्री घेऊन आमच्याकडे आला.

"मिस टेडी," तो म्हणाला, "तुमच्याकडे तिचं काहीच उरलं नाही. घर नाही, कबर नाही. समितीनं एकमतानं ठरवलंय. ही चौकट तुम्ही घेऊन जा. आम्ही दुसरी काढून घेऊ."

व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आईकडे बघितलं. मला वाटलं, म्हातारी आता कापड छातीशी धरणार. मिस टेडीनं कात्री घेतली, तिची धार बघितली आणि टेबलावर ठेवली.

"कुठे नेऊ तिला? पाचव्या मजल्यावर? शेजारीण जिन्यात भेटली तर मान फिरवते तिथे?" ती म्हणाली. "आत्यानं दार फोडलं ते सगळ्यांना आत घ्यायला. तिला एकटीला कोंडून मी काय करू? इथे माणसं आहेत. भांडकुदळ दिसतात, पण आहेत."

"नक्की?" फेलिमनं विचारलं.

"एकदा सांगितलं ना, मास्तर." ती पुन्हा चित्राकडे वळली. सभागृहाच्या भिंतीवरून तिनं तळहात फिरवला, दगड गार होता. "पण ही भिंत ओल धरते. तिला थंडी सोसायची नाही. हिवाळ्यात इथे चूलबिल पेटवता की नाही?"

"रोज पेटवतो," फेलिम म्हणाला.

"मग राहू दे," मिस टेडी म्हणाली आणि आपला कोट मागायला लागली.